सोमवार सकाळ कुणाची?

नौपाडा, ठाणे

तुझा मेसेज रात्री पावणेतीनचा. मी तो सकाळी चहाबरोबर वाचला. ‘ताई, भाषांतराच्या कामाचं आणि घरचं गणित कसं जमवता?’ एवढंच लिहिलं होतंस, बाकीचं वेळेवरून कळलं.

आधी घड्याळाचं बोलू. शुक्रवारी रात्री अमेरिकेतल्या एजन्सीकडून ‘मंडे मॉर्निंग’ला हवी म्हणून फाइल येते आणि तू शनिवार-रविवार मान मोडून बसतेस. अगं, पण कुठली मंडे मॉर्निंग? न्यूयॉर्कमध्ये सोमवारचे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा ठाण्यात संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात, हिवाळ्यात तर साडेसात. म्हणजे अख्खा सोमवार तुझ्या हातात होता! हे माझ्या डोक्यात शिरायला दोन वर्षं लागली. आता होकार कळवण्याआधी ‘भारतीय वेळेनुसार किती वाजता?’ हे मी विचारतेच. संध्याकाळ मागितली की एजन्सीतले बहुतेक पीएम, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजर, देतात.

मग शब्द. नवा मजकूर दिवसाला 2000 शब्द, पुन्हा वाचणं त्यातच, एवढंच मी धरते. जाहिरातीचा मजकूर असला तर निम्मासुद्धा होत नाही. कॅट टूलमध्ये, म्हणजे जुनी भाषांतरं साठवून सुचवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, 85 टक्के मॅच दिसली, नवं वाक्य जुन्याशी तेवढं जुळलं, की एजन्सी दर कापते, आणि ‘हे पटकन होईल’ म्हणत आपण वेळ कापतो. तिथे फसतो. इंग्रजीत ‘फाइल’च्या जागी ‘फोल्डर’ आलं, संपलं. आपल्याकडे ‘तुमची फाइल सेव्ह झाली’चं ‘तुमचा फोल्डर सेव्ह झाला’ करावं लागतं. एका शब्दाचे तीन झाले. अशी शंभर वाक्यं असली की दुपार गेली.

रात्रीच्या कामाचं तर बोलूच नकोस. एकदा रात्री दोनला मी औषधाच्या चाचणीचं संमतीपत्र संपवत होते. तपासणीला कधी यायचं, तिथे ‘बायवीकली’ लिहिलेलं. आठवड्यातून दोनदा, की दोन आठवड्यांतून एकदा? इंग्रजीत दोन्ही अर्थ चालतात. सकाळी बसले असते तर क्वेरी पाठवली असती. तेव्हा ‘आठवड्यातून दोनदा’ ठोकून दिलं आणि झोपले. माझं भाषांतर तपासणाऱ्या बाईंनी पकडलं म्हणून, नाहीतर लोकांना दवाखान्याच्या चौपट फेऱ्या पडल्या असत्या. त्या दिवसापासून दहानंतर मी फक्त इन्व्हॉइस करते.

कामाला नाही म्हणायला तुला भीती वाटते ती पैशांची, हे मला ठाऊक आहे. मागचं बिल अडकलेलं असलं की पुढचं कुठलंही काम सोडवत नाही. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घे, ती फुकट होते. देशातल्या एजन्सीशी करार काहीही असो, 2006 च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाचे पैसे 45 दिवसांच्या पुढे लांबवता येत नाहीत. परदेशातल्यांना तो कायदा लागू नाही, तिथे पहिलं काम छोटंच घे.

आणि आई हाक मारते तेव्हा ‘पाच मिनिटं’ म्हणणं बंद कर. ती पाच मिनिटं कधी पाच नसतात, माझ्या घरी यावरून बरंच झालंय.

शनिवारी संध्याकाळी तलावपाळीला ये, सहा वाजता. लॅपटॉप नको. ती ‘बायवीकली’ची फाइल तपासणाऱ्या बाईंच्या लाल शेऱ्यांसकट छापून ठेवली आहे, तीच घेऊन येते.

तुझी,
ताई