वाहिनी बंद करण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. सगळ्या वाहिन्या विकल्या गेल्या असून सगळे पक्ष सारखेच आहेत, म्हणून यापुढे बातम्याही पाहणार नाही आणि मतही देणार नाही, असे तू कळवले आहेस. तुझा वैताग मी समजू शकतो. २०१९ मध्ये ज्या चिन्हापुढचे बटण दाबले, ते चिन्ह कोणाचे यावर पुढे निवडणूक आयोगापुढे भांडण झालेले ज्याने पाहिले, त्याला पक्षांविषयी आदर कुठून वाटावा?

मात्र माध्यमांचा पक्षपात तू सूत्रसंचालकाच्या चढ्या आवाजात शोधतोस. मला तो गाळलेल्या बातम्यांत अधिक दिसतो. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे बंडखोर आमदार उतरलेल्या सुरत आणि गुवाहाटीच्या हॉटेलांबाहेर कॅमेरे रात्रंदिवस उभे होते. त्याच्या तीनच महिने आधी मुंबई महापालिकेची मुदत संपून तिथे प्रशासक बसला होता आणि ओबीसी आरक्षण व प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकल्यामुळे तीन वर्षांहून अधिक काळ तिथे एकही नगरसेवक नव्हता. २०२३-२४ चा सुमारे ५२ हजार ६१९ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प स्थायी समितीत ना कोणी तपासला, ना सभागृहात कोणी अडवला. आयुक्त हेच प्रशासक असल्यामुळे मांडणारेही प्रशासन आणि मंजूर करणारेही प्रशासनच. या काळात दोन्ही बाजूंची सरकारे येऊन गेली. (तुंबलेल्या गटारावर रात्री नऊची चर्चा रंगत नाही, हेही खरे.)

म्हणून एकच विषय धर, तुझ्या प्रभागातला पाणीपुरवठा म्हण हवे तर, आणि त्यावरची बातमी रोज दोन वर्तमानपत्रांत वाच. त्यांतले एक तुला न पटणारे असू दे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून शब्दशः सारखा प्रचारी मजकूर छापून आला होता, आणि दोन अंक शेजारी ठेवल्याशिवाय असा प्रकार उघड होत नाही.

‘नोटा’बद्दलही, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या बटणाबद्दल, विचारले आहेस. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणमध्ये नोटाला २७,५०० मते पडून तो दुसऱ्या क्रमांकावर आला, तरी आमदार निवडून यायचा तो आलाच. राग नोंदवायला ते बटण ठीक आहे, पण प्रभागातला नळ त्याने दुरुस्त होत नाही. मतदानाआधी उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे उघडून मालमत्ता आणि गुन्ह्यांचे रकाने वाच, त्यांत काही खटकले तर ते प्रचाराला दारात येणाऱ्या कार्यकर्त्यालाच विचार, आणि तो काय उत्तर देतो ते मला सविस्तर लिही.

तुझा,
एक जुना वाचक