एकाच फाउलला दोन निकाल का लागतात?

आपल्या हॉकी सामन्याबद्दलची तुमची तक्रार थोडक्यात अशी. दुसऱ्या क्वार्टरमध्ये आपल्या डीमध्ये (गोलसमोरच्या अर्धवर्तुळात) बॉल बचावपटूच्या पायाला लागला, तर शिट्टी आणि पेनल्टी कॉर्नर, म्हणजे त्यांना गोलरेषेवरून बॉल आत देऊन गोल करायची संधी. दोनच मिनिटांनी समोरच्या संघाच्या डीमध्ये तसंच घडलं, तर अंपायरने 'चालू द्या' अशी खूण केली. मग तिसऱ्या क्वार्टरमध्येही पुन्हा तेच. म्हणून अंपायर विकले गेलेत. बरीच वर्षं सामने बघितलेत, मधे काही काळ स्वतः शिट्टीही फुंकली आहे, त्यामुळे ही तक्रार दोन्ही बाजूंनी ऐकून झालेली आहे. तुमचा दुसऱ्या क्वार्टरचा मुद्दा टिकत नाही. तिसऱ्या क्वार्टरचा मात्र टिकतो, आणि तुम्ही तोच एका ओळीत उरकलाय.

मैदानात अंपायर दोन, आणि प्रत्येकाकडे एक अर्धं मैदान. गोल, पेनल्टी कॉर्नर, स्ट्रोक (समोर फक्त गोलरक्षक असतो तो पेनल्टीचा फटका), डीमधली फ्री हिट हे निर्णय ज्याच्या अर्ध्यात घडलं तोच देतो. दुसरा फार तर रेडिओवरून सांगणार, 'मला पाय दिसला'. हाफटाइमला संघ बाजू बदलतात, अंपायर आपापल्या जागी राहतात. म्हणजे दुसऱ्या क्वार्टरमधले तुमचे दोन प्रसंग दोन वेगळ्या माणसांनी बघितले. एक कडक निघाला, एक सैल. चीड येण्यासारखंच आहे ते, पण दोन्ही संघ दोन्ही टोकांना तीस-तीस मिनिटं आक्रमण करतात, म्हणजे कडक अंपायर आणि सैल अंपायर दोघांच्याही वाट्याला सारखेच येतात.

पक्षपात खरंच तपासायचा असेल तर एकच टोक धरा. हाफटाइमआधी तिथे ते आक्रमण करत होते, नंतर आपण. तोच अंपायर, तशीच घटना, आणि निकाल वेगळा? मग बोलायला जागा आहे.

तरीही 'तशीच घटना' म्हणताना जरा थांबा. बॉल पायाला लागला की फाउल, हे आपण शाळेपासून ऐकलेलं अर्धवट सत्य आहे. नियम असा की पायाला लागणं हा दर वेळी गुन्हा नसतो. त्यातून खेळाडूला फायदा झाला, किंवा तो बॉल अडवण्यासाठीच अंग मधे घालून उभा राहिला, तरच. त्यातच ॲडव्हान्टेजचा नियम आहे: समोरच्याचं नुकसान झालं नसेल तर शिट्टी मारायचीच नाही. आक्रमकाला पुढे मोकळा शॉट मिळत असेल तर चांगला अंपायर अर्धा क्षण वाट बघतो, आणि गॅलरीतून तो अर्धा क्षण आंधळेपणासारखा दिसतो.

याहून मजेशीर प्रकार पेनल्टी कॉर्नरचा. पहिला शॉट मारला आणि धावून आलेला बचावपटू पाच मीटरच्या आत असताना बॉल त्याच्या गुडघ्याखाली लागला, तर आक्रमकांना आणखी एक कॉर्नर. तोच बॉल गुडघ्यावर किंवा त्याच्या वर लागला आणि तो नेहमीच्या पवित्र्यात असेल, तर शॉट धोकादायक ठरतो आणि फ्री हिट बचावणाऱ्यांना. चार बोटांच्या फरकाने निकाल पार उलटा. ड्रॅग फ्लिकचा (स्टिकने बॉल ओढत फेकलेल्या कॉर्नरच्या शॉटचा) वेग बघता हे उघड्या डोळ्यांनी ठरवायचं म्हणजे कठीणच. घरी बसून स्लो मोशनमध्ये बघणाऱ्याला ते सोपं वाटतं, एवढंच.

कार्डांचं तर विचारूच नका. हिरव्याला दोन मिनिटं बाहेर, पिवळ्याला किमान पाच, लाल म्हणजे त्या खेळाडूचा सामना संपला आणि संघ उरलेला वेळ एक खेळाडू कमी. पण कुठल्या फाउलला कुठलं कार्ड, अशी यादी नियमपुस्तकात नाहीच. कुठल्याही गुन्ह्याला कुठलंही कार्ड देता येतं. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ४ ऑगस्ट २०२४ला ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात आपल्या अमित रोहिदासची स्टिक त्यांच्या विल्यम कॅलननच्या चेहऱ्याला लागली आणि १७व्या मिनिटाला लाल कार्ड मिळालं. तेव्हा सगळा वाद 'मुद्दाम केलं का' यावर अडकला. माझं मत विचाराल तर स्टिक ज्या उंचीवर होती त्याला शिक्षा व्हायला हवीच होती, पण लाल जास्त झालं, पिवळं पुरलं असतं. दुसरा अनुभवी माणूस नेमकं उलट म्हणेल आणि तोही नियमाबाहेर जाणार नाही. आपण दहा जणांनी जवळजवळ ४३ मिनिटं तग धरला, १-१ अशी बरोबरी राखली आणि शूटआऊट ४-२ ने जिंकलो, म्हणून तो राग लवकर निवला. जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात मात्र रोहिदास बंदीमुळे बाहेर बसला आणि आपण ३-२ ने हरलो.

ब्रिटनविरुद्धच्या त्या सामन्यानंतर हॉकी इंडियाने, म्हणजे आपल्या हॉकी संघटनेने, जी तक्रार केली ती वाचण्यासारखी आहे. व्हिडिओ निर्णयांत सातत्य नाही, शूटआऊटमध्ये गोलरक्षकाला गोलच्या मागून सूचना दिल्या गेल्या, गोलरक्षकाने व्हिडिओ टॅबलेट वापरला. पहिला मुद्दा मताचा. पुढचे दोन असे की घडलं किंवा नाही हे तपासता येतं. तक्रार करायची तर अशी करावी.

व्हिडिओ आल्यावर भांडणं संपतील असं आपल्याला वाटलं होतं. उलट नवीनच भानगड झाली, आणि ती फार कमी लोकांच्या लक्षात येते. रेफरल घेतल्यावर, म्हणजे संघाने निर्णय व्हिडिओवर तपासायला मागितल्यावर, व्हिडिओ अंपायरला स्पष्ट पुरावा दिसला नाही, तर तो 'सल्ला देता येत नाही' असं कळवतो आणि मैदानावरचा मूळ निर्णय कायम राहतो. आता दोन हुबेहूब संशयास्पद प्रसंग घ्या. एकात कॉर्नर दिला होता, दुसऱ्यात नाही. दोन्हींचं रेफरल झालं, दोन्हींत कॅमेऱ्याला काही स्पष्ट दिसलं नाही. निकाल दोन वेगळे, आणि व्हिडिओ अंपायरने दोन्ही वेळा नियमच पाळला. टीव्हीवर मात्र 'त्यांना मिळालं, आम्हाला नाही' असंच दिसतं.

नियम पाळूनही अन्याय होतो याचं सगळ्यात कडू उदाहरण बर्मिंगहॅमचं. ऑगस्ट २०२२, राष्ट्रकुलचा महिला उपांत्य सामना, ऑस्ट्रेलियाशी १-१. शूटआऊटचा पहिला प्रयत्न आपली गोलरक्षक सविताने अडवला आणि मग कळलं की प्रत्येक प्रयत्नासाठीचं आठ सेकंदांचं घड्याळ सुरूच झालं नव्हतं. अशा वेळी प्रयत्न पुन्हा घ्यायचा, हीच ठरलेली पद्धत. पुन्हा घेतला, गोल झाला, आपण ०-३ हरलो. एफआयएचने (आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने) नंतर माफी मागितली. यात अंपायर पक्षपाती होता असं मी म्हणणार नाही, पण मैदानाबाहेरच्या तांत्रिक टेबलावरचं घड्याळ सुरू करणं हे कुणाच्या अंदाजाचं काम नाही, आणि त्या चुकीला क्षमा नाही. आपले लोक त्या दिवशी अंपायरला शिव्या देत बसले आणि टेबलावरचे लोक सुटले.

मग पक्षपात नसतोच का? असतो, फक्त पैशाचं पाकीट देऊन होतो तसा क्वचित. गर्दीचा दबाव खरा आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या फुटबॉलच्या एका प्रयोगात ४० रेफरींना एकाच सामन्यातले तेच प्रसंग दाखवले, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमानांविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. दुसरा प्रकार 'भरपाई'चा: एकाला दिलं म्हणून आता दुसऱ्याला द्यायचं. बर्फावरच्या हॉकीत २०२१ साली टिम पील हा एनएचएलचा (अमेरिका-कॅनडातल्या लीगचा) रेफरी चालू मायक्रोफोनवर सापडला. नॅशव्हिलविरुद्ध लवकर एक पेनल्टी द्यायचीच होती, अशा अर्थाचं बोलला आणि लीगने त्याला पुन्हा सामना दिला नाही. भरपाई करणाऱ्या अंपायरला आपण न्यायी वाटतो, आणि माझ्या मते पक्षपाताची हीच जात सगळ्यात जास्त आढळते.

आता तुमचा तिसरा क्वार्टर. टोक तेच, अंपायर तोच, बचावपटू गोलरेषेसमोर पाय आडवा घालून उभा, बॉल लागून बाहेर गेला आणि आक्रमकाला काहीच मिळालं नाही. तुम्ही लिहिलंय तसंच घडलं असेल तर किमान कॉर्नर हवाच होता, आणि बॉल गोलमध्ये जात असेल तर स्ट्रोक. पण मग आपण रेफरल का घेतलं नाही? कारण संघाला एकच मिळतं, आणि तुमच्याच म्हणण्याप्रमाणे आपल्या कर्णधाराने ते पहिल्या क्वार्टरमध्ये, बॉल स्वतःच्याच फॉरवर्डच्या पायाला लागलेला असताना, दोन हातांनी 'टी' करून उडवलं होतं.