"बघ, याले म्हन्तात बायको!"

प्रश्न : ताई, आमच्या घरी रोज संध्याकाळी सासूबाई देवाची सिरीयल लावतात. म्या दिवसभर कापूस वेचून येतो, आल्याबरोबर चूल, टीव्हीचा फक्त आवाज आयकू येते. परवा सीतामाय हात जोडून, रडत रडत आगीत गेली तं सासूबाई मुद्दाम मोठ्यानं म्हन्ल्या, "बघ, याले म्हन्तात बायको." मालकानंबी मान हलवली. तेवढ्यात भाकर करपली, ते माह्याच नावावर गेलं. पोथीत खरंच असंच लिवलं हाये काय?
– एक वाचक, राळेगाव तालुका

उत्तर : नाही हो ताई, असं नाही. वाल्मीकींची सीता रडते, पण गप्प नाही बसत. राम सगळ्यांसमोर म्हणतो की हे युद्ध काही तुझ्यासाठी नाही केलं, तुला जिकडं जायचं तिकडं जा, तर ती तोंडावर सुनावते, एखाद्या सामान्य माणसानं सामान्य बाईला बोलावं तसं काय बोलताय, आणि टाकायचंच होतं तर हनुमानाला पाठवलं तेव्हाच का नाही सांगितलं, मी तेव्हाच जीव दिला असता, तुमचा एवढा खटाटोप तरी वाचला असता! मग लक्ष्मणाला चिता रचायलाही तीच सांगते. तुलसीदासांकडे आगीत जाते ती नुसती सावली, खरी सीता आधीच अग्नीकडं ठेवलेली, त्यामुळं रामावरचा बोल टळतो पण तिला भांडायला कारणच उरत नाही. सिरीयलवाल्यांना हे सोयीचंच, डायलॉग कमी, व्हायोलिन जास्त.

१९८७ साली दूरदर्शनवर रामायण लागायचं तेव्हा आमच्या गल्लीत एकच टीव्ही, त्याला हार, उदबत्ती, सगळं. बायका यायच्या भांडी घासून, अर्धा भाग संपल्यावर, तेव्हा त्यांनी काय पाह्यलं असेल देव जाणे.

आणि आपल्या विदर्भाच्या लेकीच घ्या ना. रुक्मिणी कौंडण्यपूरची, लग्न कुणाशी करायचं ते स्वतः ठरवून कृष्णाला निरोप धाडणारी. दमयंती पण विदर्भाचीच. नळ जुव्यात राज्य हरला, पण तिला पणाला लावायला नाही म्हणाला (धर्मराजाला हे नाही जमलं), मग मात्र झोपेत तिचं अर्धं लुगडं फाडून पळून गेला. ती काय झुरत बसली? माणसं पाठवून त्याला हुडकलं, दुसऱ्या स्वयंवराची खोटी बातमी सोडली आणि त्याला रथ हाकत आणायला लावलं. हिच्यावर कर ना बाबा सिरीयल!

तुमच्या तर बाजूलाच रावेरी आहे. तिथल्या देवळात सीता एकटी, राम नाही. जुने लोक सांगतात, टाकून दिलेली बाळंतीण सीता लव-कुशांसाठी गावात पसाभर गहू मागत फिरली, कुणी दिले नाहीत, म्हणून तिनं शाप दिला की तुमच्या शिवारात गहू पिकणार नाही. म्हणजे बघा, आपल्याकडं तिला रागही येतो. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी त्या पडक्या देवळाचा जीर्णोद्धार करवला, त्यांनीच आधी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून, आणि कित्येकांनी केली पण.

कापसाची वेचणी उरकली की सासूबाईंना एकदा रावेरीला घेऊन जा, शिदोरी बांधून, मालकालाही गाडी हाकायला घ्या. राम कुठंय असं त्या विचारतीलच, काय उत्तर दिलं ते मला कळवा. आणि हो, सातबारा कुणाच्या नावावर आहे तेही.