मराठी वेबसाइटवर अक्षरं मोठी करूनही वाचताना त्रास का होतो?

ग्रंथालयाच्या वेबसाइटवर अक्षरं १६ची २० पिक्सेल केली, तरी ज्येष्ठ वाचकांची तक्रार कायम आहे आणि सूचनांच्या पीडीएफ कोणी उघडत नाही, असं तुम्ही लिहिलंय.

अक्षरं वाढली, पण ओळींमधलं अंतर बहुधा तेवढंच राहिलं असणार. बऱ्याच थीममध्ये, म्हणजे वेबसाइटच्या तयार साच्यांत, लाइन-हाइट (एका ओळीची उंची) २४ पिक्सेल अशी ठोकून बसवलेली असते. १६च्या अक्षराला ती दीडपट होते, २०च्या अक्षराला जेमतेम १.२ पट. इंग्रजीचं त्यात कसंबसं भागतं, देवनागरीचं भागत नाही. ‘मूर्तींची’ हा शब्द बघा. म-खाली ऊकार, त-वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिन्ही. वरच्या ओळीचा ऊकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडला की नजर ओळ चुकते. म्हणून लाइन-हाइट १.७ द्या, पुढे पिक्सेल वगैरे एकक न लावता; म्हणजे अक्षर बदललं की अंतरही आपोआप बदलेल. शीर्षकांना १.४ पुरतं. मग अक्षर १८ पिक्सेलचं असलं तरी चालतं. मात्र ते रेममध्ये, म्हणजे ब्राउझरच्या मूळ अक्षर-आकाराच्या पटीत, लिहा (१.१२५), म्हणजे वाचकाने ब्राउझरमध्ये अक्षरांचा आकार वाढवला तर तो लागू होतो. शीर्षकांचे रफार वरून छाटलेले दिसत असतील, तर त्या चौकटीचं ओव्हरफ्लो ‘हिडन’ (चौकटीबाहेर जाणारा भाग लपवणारं) आहे का ते तपासा.

लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्य करा. इंग्रजी शीर्षकं ऐसपैस दिसावीत म्हणून थीमवाले ते घालतात. आपल्याकडे त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्दाचा आकारच हरवतो. जस्टिफायही (ओळी दोन्ही कडांना ताणून लावणं) काढा, मजकूर डावीकडून लावा. प्रत्यय जोडून आपले शब्द लांबतात, मोबाइलच्या ओळीत चार-पाचच मावतात आणि मध्ये भगदाडं पडतात. तिरपी अक्षरं देवनागरीच्या वळणात नाहीत. बहुतेक मराठी फाँटमध्ये ती नसतातच, ब्राउझर सरळ अक्षरं ढकलून वाकडी करतो. ठळक अक्षरांचंही तसंच: फाँटची बोल्ड फाइल लोड केली नसेल तर ब्राउझर अक्षर नुसतं फुगवतो आणि ‘ष्ट्र’, ‘क्ष’ यांच्या पोटातली जागा बुजते.

रंग: पांढऱ्यावर फिका राखाडी नको. कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, किमान ४.५ला १ हवा. ७६७६७६ हा राखाडी रंगाचा कोड त्या काठावर बसतो, त्याहून फिका घेऊ नका. मजकुराला त्याहून बराच गडद घ्या.

पानाच्या कोडमध्ये भाषा ‘एमआर’ (mr, म्हणजे मराठी) नोंदवा. तयार टेम्प्लेटमध्ये तिथे इंग्रजीच राहून जातं आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हवाली करतो. नोटो सान्स देवनागरीसारख्या फाँटमध्ये या एका नोंदीने पाकळीचा ल आणि देठाचा श हे मराठी आकारही येतात.

आता पीडीएफ. एका पीडीएफमधला परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. इंग्रजी अक्षरांचा गिचमिड काला आला, तर ती जुन्या, युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच संकेतांक देणारी पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली आहे: ना शोध लागणार, ना स्क्रीन रीडरला वाचता येणार. काहीच कॉपी झालं नाही तर ते स्कॅन आहे. जुन्या फाँटचा मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, पण ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला र, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला; कन्व्हर्टर नेमके तिथेच गडबडतात. स्कॅन गूगल ड्राइव्हमध्ये टाकून गूगल डॉक्सने उघडलं की मजकूर निघतो, त्याचंही मुद्रितशोधन हवंच.

सूचना दोन परिच्छेदांची असेल तर पीडीएफ करूच नका, सरळ पानावर लिहा. ए४चं पान मोबाइलवर बोटांनी मोठं करून दर ओळीला डावी-उजवीकडे सरकवत कोण वाचणार? छापायचे अर्ज तेवढे पीडीएफ ठेवा. ते वर्डमधून ‘प्रिंट’ न करता ‘सेव्ह अ‍ॅज’ने बनवा, प्रिंटच्या वाटेने गेल्यास शीर्षकं आणि तक्त्यांची रचना फाइलमधून गळते.