सापोत कॅमेरे लावण्याआधी झाडावरची पुराची खूण बघा

"लायबेरियातल्या सापो राष्ट्रीय उद्यानात महिनाभर आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले, पिग्मी हिप्पो, म्हणजे छोट्या जातीचा पाणघोडा, एकदाही आला नाही. आता ओढ्याला अगदी लागून लावू का?" हे तुमचं वाचलं आणि राहवलं नाही. मी अगदी हेच केलं होतं.

सेटिंग्ज वगैरे तुम्हाला येत असणारच, ते सोडतो. ओढा धरलात हे बरोबर. हा प्राणी दिवसा पाण्यात नाहीतर काठाखालच्या कपारीत पडून असतो आणि रात्री एकटाच चरायला निघतो. पण मी कॅमेरे लावले मार्चमध्ये, पाणी पार उतरलेलं असताना, गुडघाभर उंचीवर. एप्रिलअखेर काढायचे होते. त्यासाठी परवान्याची मुदत वाढवून हवी होती. एका कार्यालयात गेलो, तर "साहेब दौऱ्यावर आहेत, सोमवारी या." असे पाच सोमवार गेले. एका सहीसाठी! तोवर पाऊस लागला. जूनमध्ये आत पोचलो तेव्हा बारापैकी नऊ कॅमेरे पाण्याखाली. एक उघडला, तर बॅटरीच्या खणातून गाळ ओघळला. अख्खा हंगाम गेला. त्या कार्यालयाचा राग अजून जात नाही, पण पुराची खूण न बघणं ही चूक माझीच. सालीवर वाळलेला गाळ, फांदीत अडकलेला पाचोळा दिसला की कॅमेरा त्याच्या वर बांधा, तोंड खाली करून. नाहीतर काठावरून वर चढणाऱ्या वाटेवर लावा.

नुसत्या ठशांवर जाऊ नका. ठशात चार बोटं दिसतात खरी, पण चिखलात फसगत होते. हिप्पो शेपटीने शेण उडवतो, वाटेकडेच्या पाल्यावर त्याचे शिंतोडे शोधा. माझं स्पष्ट मत: पैसे कमी असतील तर दोन कॅमेरे कमी घ्या, पण पूर्वी शिकार करणारा गावातला जाणता माणूस सोबत घ्याच. हे लायबेरियापुरतं, आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात मी काम केलेलं नाही.

थायलंडच्या प्राणिसंग्रहालयातलं पिग्मी हिप्पोचं पिल्लू मू डेंग 2024 मध्ये जगभर गाजलं. जंगलात मात्र प्रौढ पिग्मी हिप्पो 2,500 सुद्धा उरलेले नाहीत, आणि तिथे जंगलतोड, शिकार, सोन्याच्या बेकायदा खाणी चालूच आहेत. म्हणून तुमचा एकेक फोटो मोलाचा.

परवान्याचा अर्ज दोन महिने आधी द्या. पोचपावतीवर शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.