थंड ताऱ्यांतील जलबाष्प ‘अपारदर्शक’ कसे?

प्रश्न असा आहे : ‘थंड ताऱ्यांच्या वातावरणातील पाण्याच्या वाफेची अपारदर्शकता’ हा शब्दप्रयोग बरोबर आहे का? वाफ पारदर्शक असेल, तर तिला अपारदर्शकता कुठून येणार?

शब्दप्रयोग बरोबर आहे. फक्त ‘वाफ’ऐवजी मी ‘जलबाष्प’ लिहीन, कारण वाफ म्हटले की उकळत्या पाण्यावरचा पांढरा लोट आठवतो आणि तो लोट म्हणजे पाण्याचे बारीक थेंब असतात. ताऱ्यात थेंब नाहीत, सुटे रेणू आहेत.

खरी अडचण ‘अपारदर्शकता’ या शब्दाची. रोजच्या बोलण्यात वस्तू एकतर पारदर्शक असते, नाहीतर अपारदर्शक. खगोलभौतिकीत मात्र ही मोजायची राशी आहे. एक ग्रॅम द्रव्य प्रकाशाची वाट किती अडवते, हे ती वर्ग सेंटिमीटर प्रति ग्रॅममध्ये सांगते. शिवाय ती तरंगलांबीनुसार बदलते. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाला जलबाष्प जवळजवळ अडवतच नाही, पण 1.4, 1.9 आणि 2.7 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्तात, ते जोरात अडवते. आणि 3000 केल्विनचा तारा आपली बहुतेक ऊर्जा अवरक्तातच बाहेर टाकतो. म्हणून तिथे जलबाष्पाचा हिशेब चुकला की ताऱ्याच्या वातावरणाचे सगळे गणिती प्रारूपच चुकते.

हा हिशेब फार किचकट आहे. पाण्याचा रेणू वाकडा, तीन अणूंचा. त्याची कंपने आणि परिवलने एकमेकांत मिसळतात, आणि तापमान चढले की एरवी रिकाम्या असलेल्या ऊर्जापातळ्याही भरू लागतात. 2006 साली गणिताने तयार झालेल्या एका यादीत पाण्याच्या 50 कोटींहून अधिक वर्णरेषा, म्हणजे रेणू जिथे प्रकाश शोषतो त्या नेमक्या तरंगलांब्या, आहेत! इतक्या रेषांची सरसकट सरासरी काढण्याचा मोह होतो. पण प्रकाश निसटतो तो रेषांमधल्या फटींतून, आणि सरासरीत त्या फटीच बुजतात. मग प्रारूपातले जलबाष्प खऱ्यापेक्षा जास्त अपारदर्शक ठरते आणि आतल्या थरांचे तापमानही चुकीचे निघते.

म्हणून लिहिताना ‘1.4 मायक्रॉनला जलबाष्पाची अपारदर्शकता’ असे तरंगलांबीसह लिहावे. तरंगलांबी गाळली की प्रश्नकर्त्याला पडला तसा गोंधळ होणारच.

‘थंड’ हे विशेषणही सापेक्षच. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे 5800 केल्विनचा. तिथे पाण्याचे रेणू टिकत नाहीत. पण सूर्यडागांचा गाभा 3300 केल्विनच्या आसपास असतो, आणि तिथे पाणी असल्याचे 1995 साली वर्णपटातून दाखवले गेले आहे.