माणूस माकडापासून झाला, तर माकडं अजून का आहेत? असं विचारणाऱ्याला काय सांगावं?

आधी प्रश्नच दुरुस्त करा. आजच्या माकडांपासून माणूस झाला असं उत्क्रांती म्हणतच नाही. चिंपांझी आपलं चुलत भावंड. समान पूर्वजापासून वाटा फुटल्या साधारण 60-70 लाख वर्षांपूर्वी.

मग एकच पुरावा धरा आणि सोडू नका. चिंपांझीत गुणसूत्रांच्या (पेशीत डीएनए ज्यात गुंडाळलेला असतो त्या धाग्यांच्या) 24 जोड्या, आपल्यात 23. आपल्या क्रमांक 2 च्या गुणसूत्राच्या जवळजवळ मध्यावर, एरवी गुणसूत्राच्या टोकाला असणारे टेलोमिअरचे डीएनए-क्रम समोरासमोर जुळलेले दिसतात. शिवाय निकामी झालेल्या जादा सेंट्रोमिअरच्या (पेशी विभागताना गुणसूत्र जिथे धरलं जातं तो भाग; एरवी एका गुणसूत्रात एकच) खुणाही आहेत. पूर्वजातली दोन गुणसूत्रं जुळून आपलं एक झालं, त्याचा हा सांधा! म्हणून एक जोडी कमी.

इथे समोरचा हमखास ‘पहिला जीव कुठून आला?’ यावर उडी मारतो. तो वेगळा प्रश्न, नंतर घेऊ म्हणा. देव आहे की नाही यात तर शिरूच नका. श्रद्धा धोक्यात आहे असं वाटलं की माणूस ऐकायचाच थांबतो.